जावेची झोप

प्रतिमा सातपुतेला झोप येत नसे, आणि ज्यांना येई त्यांच्याबद्दल तिला मनापासून तुच्छता वाटे.

ही तुच्छता काही एका दिवसात आलेली नव्हती. अकरा वर्षं लागली होती. पहिली दोन वर्षं तिनं लोकांचे सल्ले ऐकले. जायफळ घालून दूध प्यायली, तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळून घेतलं, मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवून बघितला, गोळ्या घेतल्या, गोळ्या सोडल्या. नंतर तिच्या लक्षात आलं, की हे सल्ले देणारी सगळी माणसं स्वतः गाढ झोपणारी होती. पोट भरलेल्यानं उपाशी माणसाला घास कसा चावावा ते शिकवावं, तसला प्रकार. तिचा नवरा सुहास तर रोज सांगे, “तू ना, विचार करणं सोड.” एवढं बोलून तो कुशीवर वळे आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागे. त्यानं विचार सोडले असतील याबद्दल तिला शंका नव्हती. धरले होते कधी, एवढाच प्रश्न होता.

त्यात हे २०४३ साल. पूर्वी माणसं एकमेकांना साखर किती, बीपी किती, असं विचारायची. आता निद्रांक विचारत. शंभरपैकी आकडा. मनगटातलं घड्याळ सकाळी तो दाखवी आणि लोक तो दिवसभर मिरवत. प्रतिमाच्या सोसायटीतल्या खांडेकरवहिनी बारशाला आल्या तरी पाळण्याच्या दोरीला हात लावायच्या आधी सांगायच्या, “माझा शहाऐंशी आला हो आज!” जशी काही कळसूबाई चढून आल्या. रात्रभर आडवं पडून राहण्यात माणसाचं कर्तृत्व ते काय, हे प्रतिमाला कधी कळलं नाही.

पण आकड्याला हसून भागणार नव्हतं. प्रतिमा कोल्हापुरातल्या एका मोठ्या रक्तपेढीत मुख्य तंत्रज्ञ होती. रोजचे रक्तगट आता यंत्रं तपासत. पण एखाद्या रुग्णाचं रक्त असं हट्टी निघे, की कुणाचंच त्याला चालत नसे. यंत्र दोनदा प्रयत्न करून ‘निर्णय नाही’ म्हणून मोकळं होई. मग त्या रक्ताची नळी खिडकीजवळच्या टेबलावर येई. प्रतिमा ती उजेडात हळूच तिरपी करी आणि तळाशी रक्त दाणे धरतंय, म्हणजे जुळत नाही, की सरळ वाहतंय, ते बघे. एवढंच काम. पण त्या बघण्यावर कुणाचं तरी जगणं असे. सव्वीस वर्षं ते टेबल तिचं होतं, आणि तिच्या हातून एकही नळी चुकली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नियम आला. ज्यांच्या डोळ्यांवर आणि हातांवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्यांचा निद्रांक पंचावन्नच्या वर हवा. प्रतिमाचा बत्तीस. सवलत मागून मागून ती मार्चअखेरपर्यंत आली होती; मग मंडळापुढं सुनावणी होऊन टेबलाचा निर्णय लागणार होता. संचालक साखरेच्या पाकात बोलले, “मॅडम, नोकरी कुठं जात नाही. तुम्हाला पुढच्या काउंटरवर देऊ. रक्तदात्यांचं स्वागत, चहा, बिस्किट, प्रमाणपत्र. हसतमुख काम!”

प्रतिमा हसली नाही. टेबल गेलं तर आपल्याकडे उरणार काय, हा विचार तिनं त्या रात्री साडेपाच वाजेपर्यंत केला.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर अन्वय इनामदारकडे गेली. झोपेचे डॉक्टर. वय चौतीस, चेहरा नुकत्याच उठलेल्या बाळासारखा. तो बघूनच तिचं डोकं उठलं.

“मॅडम, गाढ झोपेत मेंदूतल्या कोट्यवधी पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात,” डॉक्टर म्हणाले. “साधारण सेकंदाला एकदा. त्याची एक संथ लाट तयार होते. ह्या लाटांवर मेंदू दिवसभराचा गाळ धुऊन काढतो. तुमची लाट उठते, पण अर्ध्या वाटेत मोडते.”

“हे मी वाचलंय. लाट चढत असताना कानामागच्या हाडाला हलका ठोका द्यायचा, म्हणजे पुढची लाट मोठी येते. तसा डोक्याला बांधायचा पट्टा मी वापरलाय.”

“उपयोग?”

“नवऱ्यानं विचारलं, झोपडपट्टी बांधली का आज. तेवढाच.”

डॉक्टर हसले. “कारण ठोका द्यायला मुळात लाट पाहिजे ना! म्हणून आता लाट बाहेरून आणतात. दुसऱ्या झोपलेल्या माणसाची.”

मग त्यांनी जे सांगितलं ते प्रतिमाला, मनात नसतानाही, आवडलं. चांगल्या झोपेची लाट नोंदवून ठेवली आणि तिच्या चालीनं ठोके ऐकवले, तर निद्रानाश झालेला मेंदू तीन-चार रात्री तिच्यामागून जातो. मग ओळखतो, की हे तेच तेच चाललंय, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी आपल्याला ऐकू येईनाशी होते, तसं त्याला ते ऐकू येईनासं होतं. पण जिवंत माणसाची, त्याच रात्रीची, त्याच क्षणाची लाट मात्र त्याला कधी शिळी होत नाही. ती कुठं केसभर लवकर येते, कुठं रेंगाळते. मेंदू तिचा हात धरून चालत राहतो. एक पट्टा तिकडे, एक इकडे, मधे नेटवर्क. अट एकच, दोघांनी एकाच वेळी झोपायचं. याला म्हणत जोडझोप.

“म्हणजे दाता लागणार,” प्रतिमा म्हणाली. हा शब्द तिच्या घरचा होता.

“आणि जुळणारा. इथं गट नसतात, चाल असते. गंमत म्हणजे ती रक्तानं जुळत नाही. एका छताखाली, एकाच आवाजात वर्षानुवर्षं झोपलेल्यांची जुळते.”

पहिली चाचणी अर्थातच सुहासची झाली. तेव्हा कळलं, की घोरण्यात त्याचा श्वास तासाला वीस वेळा अडखळत होता आणि त्याचा निद्रांक होता अठ्ठेचाळीस. प्रतिमाला त्या आठवड्यात झालेला तो एकमेव आनंद. दुसरे पट्टे कुरिअरनं इचलकरंजीला गेले. तिथं सातपुत्यांचं जुनं घर, घराला लागून बारा यंत्रमागांची शेड. लग्नानंतरची नऊ वर्षं प्रतिमा त्या खटखटाटात झोपली होती. आता तिथं धाकटा दीर प्रमोद, त्याची बायको कोमल आणि सासूबाई राहत.

आठवड्यानं निकाल आला. कोमल प्रमोद सातपुते, जुळणी एक्क्याण्णव टक्के.

“वय सत्तेचाळीस. लाट जरा बुटकी आहे, पण काय स्थिर!” डॉक्टर खूश होते. “साडेआठ ते पाच. मधे एकदाही जाग नाही. नशीबवान आहात.”

प्रतिमाला वाटलं, हिच्या दाराशी जाण्यापेक्षा चहा-बिस्किटं वाटावीत.

कारण कोमल! ही बाई कुठंही झोपे. पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला, एकदा तर हळदीकुंकवाचं तबक मांडीवर घेऊन. मान मागे टाकून, तोंड उघडं. चारचौघी हसत आणि प्रतिमा मान खाली घाले. ती या जावेबद्दल कधी वाईट बोलली नव्हती. बोलण्याइतकं त्या बाईत काही आहे, असंच तिला वाटत नव्हतं.

“होय की अक्का, घालते मी पट्टा. त्यात काय एवढं,” कोमल फोनवर म्हणाली. मग जरा थांबून, “साडेआठला मात्र. उशीर चालायचा नाही.”

“साडेआठ? कोंबड्या पाळल्यायस काय?”

“तुम्हाला झोप पाहिजे ना, अक्का?” कोमल म्हणाली.

मग प्रतिमाच्या घरी सात वाजता ताटं मांडली जाऊ लागली. सुहास टीव्ही कानात घालून बघू लागला. आणि पहिल्याच पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी प्रतिमानं डोळे उघडले, तेव्हा तिला आधी भीती वाटली, की काहीतरी घडलंय. घडलं एवढंच होतं, की रात्र गेली होती आणि ती जाताना प्रतिमानं बघितली नव्हती. उशीवर लाळेचा ओला डाग होता. तिनं त्याला बोट लावलं. अकरा वर्षांत एवढी सुंदर वस्तू तिनं बघितली नव्हती.

दोन महिन्यांत आकडा एकाहत्तरवर गेला. एका बाळंतिणीला चार जिल्ह्यांत रक्त जुळत नव्हतं; प्रतिमानं सहा तास नळ्या तिरप्या करून एक पिशवी शोधून काढली. जेवणाला चव आली. सुहासच्या विनोदाला ती एकदा चुकून हसली. आणि मग, झोप झालेल्या सगळ्या माणसांचं होतं तेच तिचंही झालं. ती इतरांना सल्ले देऊ लागली.

आभार मानले पाहिजेत म्हणून ती एका शनिवारी दुपारी साडी घेऊन इचलकरंजीला गेली. दार उघडंच होतं. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपत होतं. आतल्या खोलीत सासूबाई कॉटवर पडून छताकडे बघत होत्या. दोन्ही सुना त्यांना आत्ती म्हणत. वय एक्क्याऐंशी; तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणातच. आणि कॉटला टेकून जमिनीवर बसलेली कोमल, मान मागे, तोंड उघडं, गाढ झोपलेली.

“कोमल!”

कोमल दचकून उठली. “आली, आली आत्ती…” मग समोर मोठी जाऊ बघून तिनं पदर सावरला. “अक्का! फोन नाही केला?”

“फोन ऐकला असतास? घर पेटलं असतं आत्ता. आजारी माणूस घरात, आणि तू साडेआठ ते पाच झोपून वर दुपारचीही लोळतेस?”

“नाही हो अक्का, जरा डोळा—”

“जरा? रात्रीचे साडेआठ तास कमी पडले?”

कोमलनं आत्तींकडे बघितलं. आत्ती छताकडेच बघत होत्या.

“अक्का, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.”

“काही सांगू नकोस. कामात दिसू दे.” तिच्या आवाजाला आता धार आली होती, एकाहत्तर आकड्याची धार. “आत्तींना मी नेते कोल्हापूरला. आमची पाळी कधीचीच आहे.”

ते खरं होतं. दोघा भावांत सहा-सहा महिन्यांची पाळी ठरलेली होती. पण प्रतिमाची पाळी आली की रक्तपेढीत तपासणी असे, नाहीतर सोसायटीची लिफ्ट बंद पडे, आणि तीन वर्षांत आत्ती इचलकरंजीहून हलल्या नव्हत्या.

“आता तुम्हाला झोप लागतीय, तर कशाला त्रास…” कोमल चाचरली.

“माणूस कसं सांभाळायचं असतं ते दाखवते तुला,” प्रतिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेनं आत्ती कोल्हापुरात आल्या. प्रतिमानं हवेची गादी मागवली, रात्रीसाठी संस्थेतून प्रशिक्षित मावशी लावली, भिंतीवर तक्ता चिकटवला. आठ वाजता सगळं बघून समाधानानं पट्टा बांधला.

सकाळी आकडा अडतीस. दुसऱ्या दिवशी तेहतीस. चौथ्या दिवशी तीस.

“यंत्र ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमचा दाता झोपत नाहीये. म्हणजे झोपतो, पण दर दोन तासांनी खाडकन जागा होतो. दहा, बारा, दोन, चार. गजर लावल्यासारखा.”

मंडळापुढची सुनावणी गुरुवारी होती आणि आज शनिवार. प्रतिमानं फोन लावला.

“काय करतेस काय तू रात्रीची? ज्या दिवशी मला गरज, त्याच दिवसापासून तुला जागरणं सुचतात?”

मग कोमल म्हणाली, “उद्या येते, अक्का. समोर सांगते.”

रविवारी सकाळी ती आली. कापडी पिशवीत पट्टा, डब्यात आत्तींसाठी ज्वारीची आंबील. आधी आत जाऊन आत्तींना बघून आली, मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

“तो पट्टा माझ्या डोक्यावर नव्हता, अक्का. आत्तींच्या होता. पहिल्या दिवसापासनं.”

प्रतिमानं चहा ढवळायचं थांबवलं.

“चाचणीला सुद्धा?”

“हां.”

“का?”

“चांगली झोप पाहिजे म्हणाले ना ते. माझी कुठली चांगली? आत्तींना रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. तीन वर्षं झाली, आता अंगालाच सवय लागलीय, त्या नसल्या तरी मी उठून बसते.” तिनं ओट्यावरचा नसलेला डाग पुसला. “तुम्ही जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं, अक्का. फाटकी वस्तू कशी देऊ? घरात जी चांगली होती ती दिली.”

प्रतिमाला पहिल्यांदा आला तो राग, आणि तोही कामातला. “तुला कळतंय, तू काय केलंस? आमच्याकडे नळीवर दुसऱ्याचं नाव पडलं तर माणूस मरतं. लोकांना घरी बसवलंय मी असल्या चुकीसाठी!”

“मेलं तर कुणी नाही ना, अक्का,” कोमल हळूच म्हणाली. “तुम्ही तर झोपलात.”

आतून आत्ती मोठ्यानं बोलल्या. पाय गेले होते, कान नव्हते गेले. “माझी झोप चोरून इकडं पाठवीत हुता व्हय गं भवान्यांनो? मला वाटायचं टकुऱ्याला थंडी वाजू नये म्हून फडकं बांधतीया!”

प्रतिमानं राग गिळला, कारण तोडगा समोर होता. दाता शेजारच्याच खोलीत होता. त्या रात्री पट्टा आत्तींच्या डोक्यावर चढला, मावशींना तक्ता समजावला, कोमलला दिवाणखान्यात अंथरूण दिलं.

सकाळी आकडा एकोणतीस.

मावशींच्या तक्त्यावर सगळ्या वेळांना बरोबरच्या खुणा होत्या. प्रतिमा आत्तींच्या कॉटजवळ जाऊन उभी राहिली. “झोप नाही झाली?”

“कशी हुईल? ती बाई मला पार्सलावानी उलटं करती. चार डाव उठवलं मला. तिचं काय चुकलं न्हाई म्हना, घड्याळ बघून करती.”

“कोमल उठवत नाही?”

“कोमल?” आत्तींनी जरा आठवून बघितलं. “न्हाई बा. म्हंजे कवा फिरवती तेच कळत न्हाई. आदी पाठीवर नुसता हात ठेवती. माझा श्वास सुटस्तवर थांबती. मग श्वासासंगट फिरवती. मागावर तुटलेला धागा जोडतात न्हवं, कापडाला कळूबी न देता, तसं.” मग त्या थोरल्या सुनेकडे वळल्या. “तुला काय वाटलं, ह्या वयात मला फुकटची झोप लागती?”

प्रतिमा बाहेर येऊन खुर्चीवर बसली. ती हिशेब करत नव्हती, पण तिच्या डोक्याला सवय होती, ते आपोआप करू लागलं. रात्री चार वेळा. तीन वर्षं. मांडवातली खुर्ची, सत्यनारायण, हळदीकुंकू. सगळ्या तारखा त्या तीन वर्षांत जाऊन बसत होत्या. जी झोप आपण आत्तींची म्हणून घेतली, ती आत्तींचीही नव्हतीच. कुणीतरी रोज रात्री स्वतःची मोडून ती घडवत होतं. म्हणजे नाव नळीवर बरोबरच होतं.

फोन वाजला. डॉक्टर इनामदार, आवाजात सकाळचा सगळा टवटवीतपणा. खरा दाता कोण हे तिनं रात्रीच कळवलं होतं.

“मॅडम, सोपं आहे! आजींना परत मूळ जागी पाठवा. आजपासून लाट पूर्ववत. गुरुवारपर्यंत पंचावन्न नक्की.”

“आणि तिथं रात्री चारदा उठते ती?”

“कोण?”

“माझी जाऊ.”

“त्या आता दाता नाहीत ना. त्यांचा आपल्या नोंदींशी काही संबंध येत नाही.”

काही माणसांचा तिरस्कार करायलाही जागरणाची ताकद लागते. प्रतिमाकडे ती भरपूर होती. पण फोन ठेवल्यावर ती उठली नाही. कारण डॉक्टर मूर्ख असला तरी त्याचा आकडा खरा होता. आत्तींना परत पाठवलं की टेबल वाचत होतं. खिडकीजवळचं टेबल, सव्वीस वर्षं, हातातली नळी. त्या बाळंतिणीसारखी एखादी आणखी येईल. तिला चहा-बिस्किटाच्या काउंटरवरून काय देणार? तिनं हे सगळं स्वतःला नीट मांडून सांगितलं. मांडणी इतकी चोख होती, की तिला स्वतःचीच किळस आली.

कोमल चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली. “मी ऐकलं, अक्का. गाडी बोलवा, नेते मी आत्तींना. तुमचं टेबल राहिलं पाहिजे. मला काय, मी दिवसा जरा…”

वाक्य तिथंच राहिलं. मान मागे गेली, तोंड उघडलं. कप कलंडायला लागला, तो प्रतिमानं वरच्या वर धरला.

ती बराच वेळ कप धरून बघत राहिली. याच तोंडाची तिला तीन वर्षं लाज वाटत आली होती.

मग तिनं कोमलला हलवलं. “ऊठ. आत चल.”

“गाडी आली?”

“गाडी नाही. माझ्या पलंगावर झोप.”

“अहो अक्का, आत्तींची वेळ—”

“आत्तींना मी बघते. हात कसा ठेवायचा ते त्या सांगतील, शिव्या घालून. तू उठायचं नाहीस. दहाला नाही, बाराला नाही.”

“मला नाही जमायचं. आपोआप उठते मी.”

“उठशील तर मी परत निजवीन. माझा अकरा वर्षांचा सराव आहे जागायचा, वाया चाललाय.”

कोमल पहिल्या रात्री चार वेळा उठून बसली. चारही वेळा दारात प्रतिमा उभी होती. दुसऱ्या रात्री दोनदा. तिसऱ्या रात्री एकदाही नाही. तिला पट्टा लागला नाही, ठोके लागले नाहीत, कोट्यवधी पेशींचं कुणी काही केलं नाही. दुसरं माणूस जागं आहे, एवढं कळायला तिच्या अंगाला तीन रात्री लागल्या. मावशींना दिवसपाळी दिली होती. प्रतिमाचा आकडा बावीसवर, मग एकोणीसवर गेला. तिनं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि कामावरून स्वतःच रजा घेतली. असल्या डोळ्यांनी तिनं दुसऱ्या कुणाला टेबलाजवळ उभं केलं नसतं.

गुरुवारी दुपारी दोनला सुनावणी. फोनच्या पडद्यावर तीन चेहरे आणि कोपऱ्यात डॉक्टर इनामदार. बेडरूमचं दार बंद होतं. कोमल सकाळी आंबील पिऊन पुन्हा झोपली होती, ती अजून तशीच.

“मॅडम, तीन रात्री तुम्ही पट्टाच बांधलेला दिसत नाही,” मधला चेहरा म्हणाला. “जुळणारा दाता उपलब्ध असताना?”

“हळू बोला,” प्रतिमा म्हणाली. “झोपलीय ती.”

“कोण?”

“दाता.”

“मॅडम, नोंदीप्रमाणे दाता म्हणजे तुमच्या सासूबाई—” डॉक्टर मधेच बोलले.

“नोंद चुकलीय. दुरुस्त करून घ्या.” तिचे डोळे लाल होते आणि आवाज अगदी शांत. “आमच्याकडे बाईचं एक पिशवी रक्त घेतलं, की चार महिने तिला पुन्हा सुई लावत नाही. कायदा आहे. तुमच्याकडे असला काही कायदा दिसत नाही. हिचं तीन वर्षं रोज घेतलंय. आधी ते भरून निघू दे. तोवर माझं टेबल ज्याला द्यायचं त्याला द्या. नळी तिरपी कशी करायची ते मी शिकवीन.”

“म्हणजे तुम्ही स्वतःहून टेबल सोडताय, असं लिहायचं?”

“लिहा.”

शब्द तोंडातून निघाला आणि टेबल गेलं. ते जाणार हे तिला माहीत होतं. मधल्या चेहऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं, पण आत्तींची कूस बदलून दोन तास होत आले होते आणि मावशी जेवायला गेल्या होत्या. तिनं फोन पालथा घातला आणि आत गेली.

आत्तींचे डोळे मिटलेले होते. प्रतिमानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास सुटायची वाट बघत थांबली.

आत्तींनी एक डोळा उघडला.

“हात गार हायत तुझं,” त्या म्हणाल्या. “चोळ आदी.”

प्रतिमा हात चोळू लागली.